लखोटा घेऊन फिरलेली मुंबई

सॉलिसिटरच्या ऑफिसात क्लार्क दोन जातींचे असत. एक खुर्चीत बसून टायपिंग करणारे, नोंदवह्या सांभाळणारे. दुसरे ‘आउटडोअर’चे. या दुसऱ्यांना खुर्ची असे, पण नावापुरती. सकाळी फायली आणि लखोटे गोळा करायचे, कामांची यादी खिशात घालायची आणि फोर्ट पालथा घालायचा. हायकोर्टात कागद दाखल करायचे, स्टॅम्प ऑफिसात दस्त द्यायचा, कलेक्टर कचेरीत अर्जाचं काय झालं ते बघायचं, जीपीओत जाऊन रजिस्टर्ड ए. डी. टाकायचं, समोरच्या वकिलाच्या ऑफिसात कागद देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. संध्याकाळी शिक्के मारलेल्या प्रती मॅनेजिंग क्लार्कच्या टेबलावर ठेवल्या की सुटका.

रत्नागिरीकडून येऊन डोंबिवलीत स्थिरावलेले एक गृहस्थ याच कामातून निवृत्त झाले. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत, तेव्हा इथंही काकाच म्हणू. गावाकडून कुणी आलं आणि ‘पैसे न मोडता मुंबईत काय बघता येईल’ असं विचारलं की बाकीचे लोक चौपाटी आणि गेटवेचं नाव घेतात. काका स्टॅम्प ऑफिसपासून सुरुवात करतात.

ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पण त्यांच्या सांगण्यात तथ्य आहे. जनरल स्टॅम्प ऑफिस आहे ते टाउन हॉलच्या इमारतीत. १८३३ साली बांधून झालेला हा टाउन हॉल म्हणजे ग्रीक देवळाच्या धर्तीचे जाडजूड खांब, समोर तीस रुंद पायऱ्या आणि वर एशियाटिक सोसायटी. नोकरीच्या सुरुवातीला काका खालच्या अंगानं आत शिरत, खिडकीवर काम उरकत आणि तसेच बाहेर पडत. वरच्या पायऱ्या विद्वानांच्या, आपल्या नव्हेत, अशी त्यांची पक्की समजूत. एका दुपारी खिडकीवरच्या बाईंनी ‘जेवणानंतर या’ सांगितलं. उन्हात कुठं जाणार? काका पायऱ्या चढून एका खांबाच्या सावलीत टेकले. शेजारी कॉलेजची पोरं नोट्स काढत होती, एकजण वर्तमानपत्रावर वडापाव ठेवून खात होता. कुणीही ‘इथं का बसलात’ म्हणून विचारलं नाही.

समोर हॉर्निमन सर्कलची बाग आणि तिला कवेत घेणाऱ्या कमानदार इमारतींची रांग. रोज त्याच कमानींखालून पावसाळ्यात छत्री न उघडता जाणाऱ्या काकांनी ती रांग पहिल्यांदा उंचावरून अखंड पाहिली. या बागेला नाव आहे बी. जी. हॉर्निमन या इंग्रज संपादकाचं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मधून जालियनवाला बागेचं सत्य बाहेर काढणाऱ्या या माणसाला त्याच्याच सरकारनं १९१९मध्ये हद्दपार केलं होतं. ही माहिती काकांना पुढं कधीतरी एका वयस्क वकिलानं दिली. त्या दुपारी मात्र एवढंच झालं, की जेवणाची सुट्टी संपून खिडकी उघडली तरी काका आणखी जरा वेळ बसून राहिले.

आउटडोअरच्या कामात चालणं कमी आणि थांबणं जास्त, हे बाहेरच्याला कळत नाही. साहेब मीटिंगमध्ये आहेत. शिक्का मारणारा रजेवर आहे. नंबर लागायला अजून वेळ आहे. प्रत्येक वेळी चहा पीत बसलं तर पगार टपरीवरच संपायचा. म्हणून प्रत्येक आउटडोअर क्लार्कच्या डोक्यात थांबण्याच्या जागांची एक यादी असते. तिथं सावली हवी, टेकायला जागा हवी, जमलं तर प्यायचं पाणी आणि पंखा हवा, आणि कुणी हटकता कामा नये. काकांची यादी वाढत गेली, आणि या कसोटीला उतरणाऱ्या बऱ्याचशा जागा बघण्यासारख्याही निघाल्या.

अर्थात हटकण्याची भीती आधी मोडावी लागली. ती मोडली लखोट्यानं. हातात ऑफिसचा खाकी लखोटा असला की मुंबईत कुठल्याही दारातून आत शिरता येतं. दरवानाला सांगायला कारण असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतःच्या मनाला सांगायला कारण असतं. दगडी कमान, पितळी मुठीचा दरवाजा, आत गुळगुळीत फरशी दिसली की साधा माणूस आपणहून रस्त्याची पलीकडची बाजू धरतो. त्याला कुणी अडवलेलं नसतं, तोच अडलेला असतो. लखोटा घेऊन आत गेल्यावर काकांच्या लक्षात यायला लागलं, की यातल्या कित्येक ठिकाणी लखोटा लागतच नाही.

जीपीओचंच बघा. व्हीटी स्टेशनला लागून असलेली ही इमारत जॉन बेग या वास्तुविशारदानं बांधली, ती १९१३मध्ये पुरी झाली. विजापूरचा गोल घुमट डोळ्यांपुढं ठेवून त्यानं तिचा घुमट रचला. खाली पोस्टाच्या खिडक्या, डिंकाच्या डब्या, सुतळीनं बांधलेली पार्सलं आणि ‘सुट्टे द्या’चा गजर. हे सगळं जिथं चालतं तिथंच मान वर केली की तो घुमट. रांगेतले लोक पावतीकडे बघत असतात. काकांनी गावाकडच्या कितीतरी जणांना तिथं नेऊन आधी एक पोस्टकार्ड घ्यायला लावलं आणि मग ‘आता वर बघा’ म्हटलं. पोस्टकार्डाचे पन्नास पैसे हा त्या सहलीचा सगळा खर्च.

स्टेशनचीही तीच गोष्ट. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं खपून फ्रेडरिक स्टीव्हन्सनं उभारलेल्या या इमारतीत लाखो लोक रोज शिरतात आणि इंडिकेटरकडे बघत बाहेर पडतात. पाहुण्यांना काका आधी रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं करतात. फाटकाच्या खांबांवर बसलेला सिंह आणि वाघ दाखवतात, त्यातला एक इंग्लंडचा आणि दुसरा आपला. मग घुमटावरचा मशाल घेतलेला ‘प्रगती’चा पुतळा. मग भिंतीवरचे मोर, माकडं, पानंफुलं. हे नक्षीकाम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. आणि शेवटी तिकीटघरात नेऊन छतावरच्या सोनेरी चांदण्या. युनेस्कोनं २००४मध्ये जागतिक वारसा ठरवलेल्या या वास्तूत मुलुंडचं रिटर्न काढता येतं, याचं पाहुण्यांना भलतंच अप्रूप वाटतं.

हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथीड्रल काकांच्या यादीत बरंच उशिरा आलं. चर्चमध्ये परधर्मीयांनी जावं की नाही, हा प्रश्न होता. दारात उभ्या असलेल्या रखवालदारानं तो एका शब्दात सोडवला : ‘बसा.’ १७१८च्या नाताळात सुरू झालेलं हे चर्च. चर्चगेटला ते नाव मिळालं तेही याच्यामुळं, कारण किल्ल्याच्या तटातला या चर्चकडे येणारा दरवाजा तिथं होता. आत उंच छत, लांबलचक बाकं आणि भिंतीभर संगमरवरी स्मृतिशिळा. इंग्रजी वाचायची सवय कायद्याच्या कागदांमुळं काकांना होतीच. ते शिळा वाचत गेले. अमुक कॅप्टन, तमुक लेफ्टनंट, कुणाची बायको. वयं बघावीत तर वीस, बावीस, सव्वीस. तापानं गेलेले, लढाईत गेलेले, समुद्रात बुडालेले. राज्य करायला आलेल्या माणसांबद्दल शाळेत जे शिकलो होतो त्यात ही वयं नव्हती, असं काका सांगतात.

इथून चालत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४चं, पोर्टलंडच्या दगडात कोरलेलं. आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी पडलेल्यांचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ला इथं गोळीबार झाला. चौकाच्या अलीकडच्या सुशोभीकरणात खोदकाम करताना जुन्या ट्रामचे रूळही हाती लागले. एका चौकात तीन काळ असे शेजारी शेजारी.

पण काकांना एकच जागा निवडायला सांगितली तर ते ओव्हल मैदान निवडतील. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, तेही दुपारी चारनंतर, म्हणजे ऊन पूर्वेकडच्या इमारतींच्या अंगावर येतं. त्या बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर, सगळं टोकदार, दगडी. मग पाठ फिरवायची. आता समोर गोलसर कोपऱ्यांच्या, आगबोटीच्या कठड्यांसारख्या गॅलऱ्यांच्या, पिस्ता आणि गुलाबी रंगातल्या इमारती. एका बाजूला एकोणिसावं शतक, दुसऱ्या बाजूला विसावं, आणि मध्ये पोरांचं क्रिकेट. एके काळी समुद्र या मैदानापासून फार लांब नव्हता. पश्चिमेकडची ती रांग भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात उठली. ३० जून २०१८ला युनेस्कोनं या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलं. काकांना तेव्हा मोठी गंमत वाटली. हायकोर्टातून ऑफिसात परतताना ‘उगाच ओव्हलवरून वळसा का घालता’ म्हणून त्यांनी बोलणी खाल्ली होती.

हायकोर्टाच्या आत मात्र ते पाहुण्यांना नेत नसत. तिथं बाहेरच्याला पास लागतो, झडती असते. टिळकांवर १९०८मध्ये ज्या दालनात राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या बाहेर टिळकांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी आहे. न्या. छागला मुख्य न्यायाधीश असताना १९५६मध्ये ती बसवली. काका तिच्यासमोरून रोज फायली घेऊन जात.

जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचं पाऊल पडलं तेही लखोट्यामुळं. काळा घोड्याजवळच्या एका वकिलाचा पत्ता सापडेना, म्हणून विचारायला आत गेले. आत तिकिटाची खिडकी नाही, कुणी पावती मागेना. भिंतीवर चित्रं, आणि कोपऱ्यात खुर्चीवर चित्रकार स्वतः डबा उघडून बसलेला. एका मोठ्या चित्रात कोकणातलं अंगण आणि जांभ्याची भिंत होती. काका तिच्यासमोर थांबले. चित्रकारानं घास गिळून विचारलं, ‘आवडलं का?’ काका म्हणाले, ‘रंग बरोबर आहे. पण चिरा असा लावत नाहीत. सांध्यावर सांधा आलाय, भिंत पावसाळा काढायची नाही.’ चित्रकार हसत उठला, त्यानं कागद पुढं केला आणि चिरे कसे लावतात ते काढून दाखवायला लावलं. वकिलाचा पत्ताही त्यानंच सांगितला.

या गॅलरीची तारीख मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात, हे काकांना तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढं त्या भागात काम निघालं की ते दहा मिनिटं आत डोकावायला लागले. प्रदर्शनं आठवड्याला बदलतात, म्हणजे वर्षभरात किती चित्रं फुकट बघून होतात, याचा हिशेब कुणी केला नाही तेच बरं.

धाकट्या बहिणीला पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हाची गोष्ट ते रंगवून सांगतात. चिपळूणजवळच्या खेड्यातून ती, मेव्हणे आणि दोन भाचरं आली होती. गॅलरीच्या दारात सगळे आत गेले आणि ही मागंच राहिली. बघतात तर चपला काढून एका बाजूला नीट जोडून ठेवल्या होत्या. ‘अगं, देऊळ नाहीये हे.’ ती म्हणाली, ‘दादा, फरशी बघ किती स्वच्छ आहे.’ काकांनी समजावलं तरी पहिलं दालन तिनं अनवाणीच पाहिलं. लखोटा नसलेल्या माणसाला मुंबईची फुकट दारं कशी दिसतात, हे काकांना त्या दिवशी बहिणीच्या पायांकडे बघून कळलं.

ही दारं फुकट कशी झाली, त्याचीही एक हकीकत आहे. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना आणि मुंबईच्या कापूसवाल्यांकडे पैशाचा पूर आला. त्याच सुमारास किल्ल्याचे तट पाडून जमीन मोकळी झाली. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बादशहानं विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि टॉवरसाठी पैसे दिले आणि टॉवरला आईचं नाव दिलं. जहांगीर गॅलरी १९५२मध्ये उघडली ती सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं. जीपीओजवळच्या मिंट रोडवरचं कारंजं रतनसी मुळजी यांनी १८९४मध्ये बांधलं, तेही गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी. त्याचा आराखडा व्हीटीवाल्या स्टीव्हन्सचाच. काका पाहुण्यांना ही नावं आवर्जून सांगतात. दस्त वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस. पैसे कुणी दिले आणि कुणासाठी दिले, हे कलम तो गाळत नाही.

आजच्या ‘फुकट’ दिवसालाही खर्च असतो, पण तो पाट्यांवर लिहिलेला नसतो. ९ मे २०२५पासून बेस्टचं कमीत कमी भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. पाच माणसांचं कुटुंब दोनदा बसमध्ये चढलं की शंभराची नोट गेली. म्हणून काका सहल अशी आखतात की व्हीटीपासून ओव्हलपर्यंत पायीच होईल, आणि दमलेल्यांना तिथून चर्चगेट गाठता येईल. पाण्याच्या बाटल्या घरून भरून घ्यायच्या. पोळीभाजीचा डबा घ्यायचा, पण तो उघडायचा मैदानाच्या कडेला, कारण बाकी बऱ्याच ठिकाणी खायला बंदी.

सगळ्यात अवघड प्रश्न बायकांचा. काकांना हा प्रश्न नोकरीत कधी पडलाच नव्हता. पुरुषाचं कसंही भागतं. बहिणीला घेऊन फिरताना सकाळी अकरालाच ती पाणी प्यायची थांबली, तेव्हा कारण विचारायची वेळ आली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, याविरुद्ध मुंबईतल्या कार्यकर्त्या बायकांनी २०११च्या सुमारास ‘राइट टू पी’ची मोहीम उघडली होती. तरीही शौचालयाच्या दारात टेबल मांडून बसलेला माणूस हात पुढं करतोच. तेव्हापासून काकांच्या यादीत प्रत्येक ठिकाणापुढं एक जादा रकाना आहे : जवळची सोय, आणि ती कितपत स्वच्छ.

दुसरा रकाना वेळेचा. कोकणातला माणूस असल्यानं यातला एक भाग त्यांच्या अंगातच होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचंच हे घरगुती गणित. हाजीअलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा तिथं जायचं तर हे गणित आधी. शिवडीच्या खाजणात हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी उतरतात. त्यांना बघायला तिकीट नाही, पण पूर्ण भरतीला गेलं तर चिखल पाण्याखाली आणि पक्षी दुसरीकडे; पूर्ण ओहोटीला गेलं तर चिखल लांबवर उघडा आणि पक्षी ठिपक्याएवढे. मधली वेळ साधावी लागते. कॅलेंडर बघून काका ती साधतात, आणि महागडा कॅमेरा लावून चुकीच्या वेळी येणाऱ्यांना ती सांगतातही.

निवृत्तीनंतर त्यांनी पहिली भेट दिली ती आणिक डेपोतल्या बेस्टच्या संग्रहालयाला. फोर्टमधल्या सगळ्या कचेऱ्या फिरून झाल्या, पण वडाळ्याच्या पलीकडच्या त्या डेपोत लखोटा घेऊन जायचं कारण कधी पडलं नव्हतं. मुंबईत ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. काकांना ज्यांनी काम शिकवलं ते जुने मॅनेजिंग क्लार्क ट्रामनं हायकोर्टात येत. त्यांच्या तोंडून ऐकलेली ती गाडी काकांनी तिथं प्रतिकृतीत पाहिली.

कामाचं स्वरूप आता बदललं आहे. कागद ऑनलाइन दाखल होतात, मुद्रांक शुल्क बँकेतून भरलं जातं. २०२५मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, म्हणजे ज्या कामासाठी काका आठवड्यातून कितीदा तरी घुमटाखाली उभे राहत, त्याचं नावही गेलं. त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, मोबाईलवर सगळं उरकतो आणि बाहेर पडायची वेळ आलीच तर दुचाकीवरून जाऊन येतो. काकांनी त्याला थांबण्याच्या जागांची यादी दिली. त्यानं तिचा फोटो काढून घेतला आणि म्हणाला, ‘पण काका, मला थांबावंच लागत नाही.’

यादीचा खरा उपयोग बहीण करते. आता ती भिशीच्या बायकांना घेऊन वर्षातून एकदा मुंबईला येते. जहांगीरच्या दारात घोटाळणाऱ्या बायकांना तीच आत ढकलते, आणि शौचालयाच्या दारातल्या टेबलाशी पैशांवरून भांडतेही. मागच्या खेपेला निघताना तिनं काकांना बजावलं, की गेटवे आणि मरीन ड्राइव्ह पुष्कळ झालं; पुढच्या वेळी बायकांना टिळकांची ती पाटी बघायची आहे. काकांनी पासाचं, झडतीचं, कोर्टाच्या सुट्ट्यांचं सांगून बघितलं. ती ऐकेना. इतकी वर्षं हायकोर्टाच्या फाटकातून बिनदिक्कत ये-जा करणाऱ्या काकांकडे आता ना ऑफिसचं ओळखपत्र आहे ना लखोटा. तेव्हा दिवाळीची सुट्टी संपली की जुन्या ऑफिसात त्या मुलाला फोन करून, बायकांच्या पासाचं कसं करायचं ते त्यांना विचारावं लागणार आहे.